दोन ‘डिटेल्सपेज’, एकच रूट: फ्लटरच्या ऑटो रूटमधली नावांची टक्कर कशी सोडवायची

बाणेरला आमचं आठ जणांचं ऑफिस आहे. बांधकामाच्या साइटवर सिमेंट, खडी, सळई पोचवणाऱ्या पुरवठादारांसाठी आम्ही फ्लटरमध्ये (मोबाइल अ‍ॅप बनवायच्या गूगलच्या साधनसंचात) एक अ‍ॅप बनवतो. एका गुरुवारी, दुरुस्तीसाठी लाइट गेलेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चाललेले, अशात दोन ब्रांच (कोडच्या स्वतंत्र प्रती) एकाच दुपारी मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये, मर्ज झाल्या. एकीत ऑर्डरचं ‘डिटेल्सपेज’ होतं, दुसरीत बिलाचं ‘डिटेल्सपेज’. दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन्ही आपापल्या ब्रांचवर नीट चालणारी. एकत्र आल्यावर मात्र अ‍ॅप कंपाइलच होईना. आमचे तीन तास गेले आणि त्यातले अडीच तास आम्ही भलत्याच जागी शोधत होतो. ते अडीच तास दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

क्लासची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

नाव तयार कुठे होतं

ऑटो रूट हे अ‍ॅपमध्ये एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारं फ्लटरचं पॅकेज. ते वापरताना आपण पानाच्या क्लासवर ‘@रूटपेज()’ हे अ‍ॅनोटेशन लावतो आणि बिल्ड रनर हा कोड आपोआप लिहून देणारा जनरेटर चालवतो. तो प्रत्येक पानासाठी एक रूट क्लास (त्या पानाकडे जायची वाट) लिहून ‘अ‍ॅप_राउटर.जीआर.डार्ट’ या फाइलीत (पुढे नुसती ‘जीआर फाइल’) टाकतो. ‘होमपेज’चा ‘होमरूट’ होतो. हा बदल ठरतो राउटरवरच्या ‘@ऑटोराउटरकॉन्फिग’मधल्या ‘रिप्लेसइनरूटनेम’ या सेटिंगवरून. बहुतेक प्रोजेक्टमध्ये तिथे ‘पेज|स्क्रीन,रूट’ असतं. क्लासच्या नावात ‘पेज’ किंवा ‘स्क्रीन’ सापडलं की त्या जागी ‘रूट’ घालायचं, असा त्याचा अर्थ.

या एका ओळीत निम्म्या टकरींचं मूळ आहे. जनरेटर फोल्डर बघत नाही, फक्त क्लासचं नाव बघतो. ‘ऑर्डर्स’ फोल्डरमधलं ‘डिटेल्सपेज’ आणि ‘बिलिंग’ फोल्डरमधलं ‘डिटेल्सपेज’ त्याच्या लेखी सारखंच, दोघांचा ‘डिटेल्सरूट’च होणार. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ‘साइटपेज’ आणि ‘साइटस्क्रीन’ असे दोन वेगळ्या नावांचे क्लास असले, तरी दोघांचं ‘साइटरूट’ होतं. डार्टच्या (फ्लटरच्या भाषेच्या) दृष्टीने मूळ क्लासमध्ये काहीच गैर नसतं, त्यामुळे त्या फाइली कितीही वेळा वाचल्या तरी चूक दिसत नाही. शिवाय हे बदलणं नावात जिथे जिथे शब्द सापडेल तिथे होतं. ‘स्प्लॅशस्क्रीनपेज’ असं नाव ठेवलंत तर ‘स्प्लॅशरूटरूट’ मिळेल. त्यात टक्कर नाही, पण असं नाव रोज वाचायला कोणालाच आवडणार नाही.

आधी एरर नीट वाचा

आम्ही घाईत हीच पायरी गाळली होती. अ‍ॅनालायझर (कोड तपासणारं डार्टचं साधन) दोन वेगळ्या तक्रारी करतो आणि दोघींचे उपाय वेगळे आहेत.

‘डुप्लिकेट डेफिनिशन’ म्हणजे एकाच जागेत एक नाव दोनदा घोषित झालं. ही तक्रार जीआर फाइलीत दिसली, तर जनरेट झालेले दोन रूट एकमेकांवर आदळलेत किंवा एखाद्या पॅरामीटरचं नाव जनरेटरच्या पॅरामीटरशी जुळतंय.

‘अँबिग्युअस इम्पोर्ट’ म्हणजे एकच नाव दोन वेगळ्या लायब्ररींमधून आलं आणि यातलं कोणतं हवं ते डार्टला कळत नाही. ही तक्रार तुमच्या स्वतःच्या फाइलीत दिसते. इथे बहुधा तुमच्या रूटचं नाव फ्लटरच्या, ऑटो रूटच्या किंवा दुसऱ्या पॅकेजच्या एखाद्या क्लासशी जुळलेलं असतं.

दुसऱ्या तक्रारीबद्दल डार्टचे तीन नियम माहीत हवेत. एक, नुसतं इम्पोर्ट करून एरर येत नाही. ते नाव वापरलं की मगच येते. म्हणून काल चालणारी फाइल आज एक ओळ वाढवल्यावर मोडते आणि दोष त्या बिचाऱ्या ओळीला लागतो. दोन, फाइलीतच घोषित केलेलं नाव इम्पोर्ट केलेल्या नावाला झाकतं, तेही कुठलीही सूचना न देता. तीन, ‘डार्ट:’ने सुरू होणाऱ्या मूळ लायब्ररीतलं नाव आणि एखाद्या पॅकेजमधलं नाव सारखं असेल तर पॅकेजमधलं निवडलं जातं आणि एरर येत नाही. फ्लटरची मटेरियल लायब्ररी मात्र ‘डार्ट:’ नसून पॅकेज आहे, त्यामुळे तिच्याशी नाव जुळलं की एरर हमखास येते.

दोन गोष्टी चुकूनही करू नका

जीआर फाइल हाताने दुरुस्त करू नका. बिल्ड रनर पुढच्या वेळी चालला की तुमचा बदल पुसला जातो. आम्ही ते केलं. सहकाऱ्याच्या मशीनवर अ‍ॅप चाललं, माझ्यावर नाही, आणि आणखी पाऊण तास गेला. ती फाइल फक्त वाचायची, कारण नेमकं कोणतं नाव तयार झालंय हे तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट ‘--डिलीट-कॉन्फ्लिक्टिंग-आउटपुट्स’ या फ्लॅगची. त्याच्या नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ आहे म्हणून नावांची टक्कर आली की लोक तो लावून पुन्हा पुन्हा बिल्ड करत बसतात. त्याचं काम वेगळं आहे. डिस्कवर आधीपासून असलेली फाइल जनरेटरला लिहायच्या फाइलीच्या आड येत असेल, तर जुनी फाइल तो काढून टाकायचा; नव्या बिल्ड रनरमध्ये हे फ्लॅगशिवायच होतं. क्लासच्या नावांशी त्याचा काही संबंध नाही. ‘बिल्ड रनर क्लीन’चंही तेच. जुन्या कॅशमुळे गोंधळ असेल तर उपयोग होतो, पण दोन डिटेल्सपेज असतील तर साफ केल्यावरही दोनच राहतात.

पहिली दुरुस्ती: रूटला स्वतःचं नाव द्या

एडिटरमध्ये पूर्ण प्रोजेक्टभर ‘@रूटपेज’ शोधा आणि त्याखालच्या क्लासच्या नावांची यादी काढा. मग प्रत्येक नावातलं ‘पेज’ आणि ‘स्क्रीन’ मनातल्या मनात ‘रूट’ करा. यादीत दोनदा येणारं नाव लगेच दिसतं. साठ-सत्तर पानांच्या अ‍ॅपलाही या कामाला दहा मिनिटं पुरतात.

पुढे दोन वाटा आहेत. क्लासचंच नाव बदला, ‘डिटेल्सपेज’चं ‘ऑर्डरडिटेल्सपेज’ करा, किंवा क्लास तसाच ठेवून अ‍ॅनोटेशनमध्ये नाव द्या: ‘@रूटपेज(नेम: 'ऑर्डरडिटेल्सरूट')’. नेम दिलं की रिप्लेसइनरूटनेम त्या पानाला लागू होत नाही, जे लिहिलं तेच नाव होतं. त्यामुळे शेवटी ‘रूट’ हा शब्द आपणच लिहायचा.

माझं मत विचाराल तर शक्य असेल तिथे क्लासचंच नाव बदला. नेम हा उपाय झटपट होतो, पण मग फाइल उघडणाऱ्याला ‘डिटेल्सपेज’ दिसतं आणि वापरताना ‘ऑर्डरडिटेल्सरूट’ दिसतो, आणि मधला दुवा प्रत्येकाला नव्याने शोधावा लागतो. नेम राखून ठेवावा तो अशा पानांसाठी, ज्यांचं क्लासचं नाव बदलणं आपल्या हातात नाही किंवा ज्यावर दुसरी टीम काम करते आहे.

तुमची राउटर फाइल जीआर फाइलीला ‘पार्ट’ म्हणून जोडते की वेगळी लायब्ररी म्हणून इम्पोर्ट करते, हेही एकदा बघून घ्या. वेगळी लायब्ररी असेल तर जनरेटर प्रत्येक इम्पोर्टला ‘_आय१’, ‘_आय२’ असे प्रीफिक्स लावतो. मग एकाच नावाची दोन विजेट (पानांचे क्लास) त्या फाइलीत सुखाने नांदतात आणि फक्त रूटचं नाव वेगळं केलं की पुरतं. पार्ट असेल तर जनरेट झालेला कोड तुमचेच इम्पोर्ट वापरतो, आणि दोन्ही डिटेल्सपेज तिथे एकमेकांना भिडतात. अशा वेळी नेम देऊनही काम अर्धंच होतं. मोठ्या प्रोजेक्टला वेगळी लायब्ररीच बरी.

नाव काय द्यावं

पुण्यात मारुतीची देवळं पेठापेठांत आहेत. लोकांनी त्यांना नंबर दिले नाहीत. सदाशिव पेठेतला भिकारदास मारुती, नारायण पेठेतला पत्र्या मारुती, लक्ष्मी रोडवरचा सोन्या मारुती, शिवाय जिलब्या आणि डुल्या. विठोबांचंही तसंच: पासोड्या, उपाशी, निवडुंग्या. मूळ नाव शेवटी तसंच ठेवलं आणि पुढे एक ओळख लावली. रिक्षावाल्याला ‘मारुती क्रमांक दोन’ सांगून कोणी पोचणार नाही, पण ‘सोन्या मारुती चौक’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

रूटचंही असंच करा. ‘डिटेल्सरूट२’ किंवा ‘न्यूडिटेल्सरूट’ नको. ‘न्यू’ सहा महिन्यांत जुनं होतं आणि मग ते काढायची कोणाची हिंमत होत नाही. पुढे लावायची ओळख ज्या व्यवहाराचं ते पान आहे त्यातून घ्या: ऑर्डर, बिल, चलन, ड्रायव्हर. फोल्डरच्या नावावरून घेऊ नका, कारण फोल्डर हलतात. आमच्याकडे ‘बिलिंग’ फोल्डरचं पुढे ‘अकाउंट्स’ झालं, पण बिल हे बिलच राहिलं. तो शब्द आमचा नाही, ग्राहकांचा आहे.

दुसरी टक्कर: फ्लटरच्याच नावांशी

आमच्या अ‍ॅपमध्ये हे होणारच होतं. साइटवर सगळे जण मालाला ‘मटेरियल’ म्हणतात. ‘मटेरियल आलं का?’, ‘मटेरियल कमी पडलं’. साहजिकच मालाच्या पानाचं नाव ‘मटेरियलपेज’ पडलं. आता ‘मटेरियलपेज’ हा फ्लटरचाही क्लास आहे, आणि त्यापासून तयार होणारा ‘मटेरियलरूट’ हा ऑटो रूटचाही. पानाच्या स्वतःच्या फाइलीत काही बिघडलं नाही, कारण तिथली घोषणा फ्लटरच्या क्लासला झाकून टाकते. राउटर फाइलीत आणि टेस्टमध्ये मात्र ‘अँबिग्युअस इम्पोर्ट’ आलं. राउटर पार्ट पद्धतीचा असता तर आणखी वाईट झालं असतं. आपला मटेरियलरूट ऑटो रूटच्या मटेरियलरूटला गुपचूप झाकतो, आणि पुढे एखाद्याने पॅकेजचा मटेरियलरूट वापरायला घेतला की हाती आपलाच येतो.

अशी धोक्याची नावं आधीच माहीत असलेली बरी. फ्लटरमध्ये ‘पेजरूट’, ‘मोडलरूट’, ‘पॉपअपरूट’, ‘डायलॉगरूट’, ‘ओव्हरलेरूट’ आणि ‘ट्रान्झिशनरूट’ हे क्लास आहेत. म्हणजे ‘डायलॉगपेज’, ‘मोडलपेज’, ‘पॉपअपस्क्रीन’ अशी पानाची नावं ठेवली की टक्कर ठरलेली. ऑटो रूटमध्ये ‘ऑटोरूट’, ‘कस्टमरूट’, ‘मटेरियलरूट’, ‘क्युपर्टिनोरूट’, ‘अ‍ॅडॅप्टिव्हरूट’, ‘रिडायरेक्टरूट’ आहेत. नुसतं ‘पेज’ किंवा ‘रूट’ हे क्लासचं नाव तर कधीच ठेवू नका, दोन्ही फ्लटरमध्ये आधीच आहेत.

उपाय तीन. फाइलीत फ्लटरचा तो क्लास लागत नसेल तर इम्पोर्टच्या शेवटी ‘हाइड मटेरियलपेज’ लिहा. दोन्ही लागत असतील तर एका इम्पोर्टला ‘अ‍ॅज’ लावून प्रीफिक्स द्या. आणि तिसरा, म्हणजे नाव बदला. हाइड आणि अ‍ॅज एका फाइलीपुरते ठीक आहेत. तीच ओळ तिसऱ्या फाइलीत लिहायची वेळ आली, तर मूळ नाव बदलायची वेळ झाली असं समजा. आम्ही ‘साइटमटेरियलपेज’ केलं आणि अकरा फाइलींमधले हाइड एका दुपारी काढून टाकले.

पॅरामीटरमधली लपलेली टक्कर

एरर जीआर फाइलीत आहे, ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ म्हणते आहे, पण यादीत कोणतंच रूट नाव दोनदा येत नाही. असं असेल तर पॅरामीटर बघा.

जनरेट होणाऱ्या प्रत्येक रूटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘चिल्ड्रन’ नावाचा एक पॅरामीटर जनरेटर स्वतः घालतो. आतले रूट त्यातून देता येतात. तुमच्या पानाचाही एखादा पॅरामीटर ‘चिल्ड्रन’ असेल, तर एका कन्स्ट्रक्टरमध्ये दोन चिल्ड्रन होतात. आमच्याकडे मोठ्या साइटच्या पानाला तिच्या उपसाइटची यादी याच नावाने दिली होती. ‘सबसाइट्स’ केलं आणि प्रश्न मिटला. रूटचं नाव बदलून हा प्रश्न कधीच सुटला नसता.

तसंच, पान पॅरामीटर घेत असेल तर रूटसोबत ‘ऑर्डरडिटेल्सरूटआर्ग्स’ असा आणखी एक क्लास जनरेट होतो. कोणी हाताने याच नावाचा क्लास लिहून ठेवला असेल, तर पॅरामीटर नसेपर्यंत सगळं शांत असतं आणि पहिला पॅरामीटर आला त्या दिवशी मोडतं. ‘रूटआर्ग्स’ने संपणारं नाव हाताने लिहायचंच नाही, असा साधा नियम करा.

यूआरएलमधले पॅरामीटरही तपासा. आईबाप रूटचा पाथ ‘ऑर्डर्स/:आयडी’ आणि त्याच्या पोटातला ‘आयटम्स/:आयडी’ असेल, तर कंपायलर काही बोलत नाही, पण आतल्या पानाला कोणता आयडी मिळणार हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. वरच्या रूटचा पॅरामीटर खाली घ्यायला ‘@पाथपॅरम.इनहेरिट’ आहे, आणि तेव्हा तर वेगळी नावं लागतातच. सरळ ‘:ऑर्डरआयडी’ आणि ‘:आयटमआयडी’ लिहा. पानातल्या व्हेरिएबलचं नाव वेगळं ठेवायचं असेल तर ‘@पाथपॅरम('ऑर्डरआयडी')’ने जोडता येतं.

प्रीफिक्स लावला, एरर गेली, पान मात्र भलतंच उघडतं

अ‍ॅप वेगवेगळ्या पॅकेजमध्ये विभागलेलं असेल तर हा भाग सावकाश वाचा. ऑर्डर पॅकेजचा स्वतःचा राउटर, बिल पॅकेजचा स्वतःचा, आणि मुख्य अ‍ॅपच्या राउटरमध्ये दोघांच्या रूटची यादी पसरून घ्यायची, ही नेहमीची रचना. दोन्ही पॅकेजमध्ये ‘डिटेल्सरूट’ असला तरी दोन्ही जीआर फाइली वेगळ्या, म्हणून डुप्लिकेट डेफिनिशन येत नाही. मुख्य अ‍ॅपमध्ये एका इम्पोर्टला ‘अ‍ॅज’ लावलं की अँबिग्युअस इम्पोर्टही जातं. सगळं हिरवं.

पण प्रत्येक रूट क्लासच्या आत त्याचं नाव मजकूर म्हणून साठवलेलं असतं, आणि अ‍ॅप चालू असताना राउटर रूट ओळखतो ते त्या मजकुरावरून. इम्पोर्टचा प्रीफिक्स कंपाइल होईपर्यंतच असतो, त्या मजकुरात तो उतरत नाही. एकाच पातळीवरच्या यादीत दोन ‘डिटेल्सरूट’ आले की एक दुसऱ्याच्या जागी बसतो. बिल दाबलं आणि ऑर्डर उघडली, असं ते दिसतं. म्हणून पॅकेजांच्या सीमेवर प्रीफिक्सवर थांबू नका, मूळ पॅकेजमध्ये जाऊन नावच वेगळं करा.

नाव बदलण्याआधी पाथ लिहून ठेवा

राउटरच्या यादीत पाथ दिलेला नसेल तर तो नावावरून आपोआप तयार होतो. म्हणजे नाव बदललं की पाथही बदलला. आमच्या चलनावर क्यूआर कोड छापलेला असतो. साइटवरचा सुपरवायझर तो स्कॅन करतो आणि अ‍ॅपमधलं तेच चलन उघडतं. छापून गेलेली चलनं परत बोलावता येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चालू पाथ यादीत स्पष्ट लिहा, बिल्ड करा, जुनी लिंक उघडून बघा, आणि मगच नाव बदला. पाथही सुधारायचा असेल तर जुन्या पाथवरून नव्याकडे जाणारा ‘रिडायरेक्टरूट’ यादीत ठेवा.

अ‍ॅनालिटिक्सचंही असंच. रूट ऑब्झर्व्हर पानांची नावं पाठवत असेल तर त्या दिवसापासून अहवालात जुनं नाव थांबतं आणि नवं सुरू होतं. अहवाल बघणाऱ्या माणसाला आधी सांगा, नाहीतर सोमवारी सकाळी ‘डिटेल्स पान कोणी उघडतच नाही’ म्हणून फोन येतो.

दुसरी लायब्ररी वापरत असाल तर

गो राउटर बिल्डर या त्याच कामाच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये रूट क्लासची नावं आपणच लिहितो, त्यामुळे पेज-स्क्रीनचा प्रश्न येत नाही. मात्र ज्या ज्या फाइलीत रूट घोषित केलेत, त्या प्रत्येकीच्या जनरेट झालेल्या भागात ‘$अ‍ॅपरूट्स’ हे एकच नाव तयार होतं. दोन फाइली एकत्र इम्पोर्ट करून ते वापरलं की अँबिग्युअस इम्पोर्ट. इथे ‘अ‍ॅज’ लावणं हाच योग्य उपाय आहे, कारण ते नाव आपल्याला बदलता येत नाही. ‘ऑर्डर्स.$अ‍ॅपरूट्स’ आणि ‘बिल्स.$अ‍ॅपरूट्स’ असं लिहून दोन्ही याद्या राउटरमध्ये जोडायच्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे ब्रांच मेनमध्ये घेण्याच्या विनंतीला, तीन गोष्टी चालवा: ‘डार्ट रन बिल्ड_रनर बिल्ड’, मग ‘डार्ट अ‍ॅनालाइझ’, आणि जीआर फाइल गिटमध्ये ठेवत असाल तर ‘गिट डिफ --एक्झिट-कोड’. तिसऱ्या कमांडने हाताने फिरवलेली किंवा शिळी जीआर फाइल पकडली जाते. आमच्या त्या गुरुवारची टक्कर मात्र यानेही पकडली नसती, कारण दोन्ही ब्रांच आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यासाठी पुल रिक्वेस्ट मर्ज करण्याआधी ती ताज्या मेनवर आणणं सक्तीचं करावं लागलं. थोडं हळू होतं, पण मेन मोडत नाही.

आणि गिटने जीआर फाइलीतच मर्ज कॉन्फ्लिक्ट दाखवला, तर त्या खुणांमधून ओळी निवडत बसू नका. कोणतीही एक बाजू पूर्ण घ्या, आधी हाताने लिहिलेल्या फाइलींमधले कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग बिल्ड रनर चालवा आणि जी नवी जीआर फाइल तयार होईल ती कमिट करा.